हुकमाशिवाय मारायचं नाही

केनवडच्या जगदेवला पलटणीत भरती करून घेताना डॉक्टरने त्याला सदरा काढायला लावला आणि पाठ बघून विचारलं, "याआधी कोणत्या लढाईत होतास?"

"घरीच होतो, साहेब," जगदेव म्हणाला.

ते वळ त्याच्या आईने, मनकर्णाबाईने, निंबाच्या फोकीने काढलेले होते. मनकर्णाबाई काही वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की ज्वारीचं कणीस आणि लेकरू झोडल्याशिवाय कामाचं होत नाही. ज्वारी वर्षातून एकदाच येते, लेकरू रोज समोर असतं, म्हणून तिचा हात लेकराच्या बाबतीत जास्त बसला होता.

एक्केचाळीस साली सुटी संपवून जगदेव मलायाकडे निघाला, तेव्हा ओसरीवर उभं राहून त्याने आईला सांगितलं, "म्हाया लेकरायले म्हाया हुकमाशिवाय हात लावायचा नाई. गुन्हा झाला तं पत्र टाक. शिक्षा मी तिकडून पाठवतो."

"आन् तवरोक?"

"तवरोक थांबायचं. पलटणीत असंच चालते."

दाराआड त्याची बायको पंचफुला ऐकत होती. लग्नाला दहा वर्षं झाली होती आणि नवऱ्याने तिला काही दिलं असं हेच पहिलं होतं. तिची दोन लेकरं, नऊ वर्षांची विजयमाला आणि सहा वर्षांचा इंद्रभान, अंगणात खेळत होती. त्यांच्या पाठी कोऱ्या होत्या. त्या तशाच राहाव्यात, यापलीकडे पंचफुलाला लढाईकडून काही नको होतं.

मग घरात टपालाने न्याय सुरू झाला. महिन्यातून एकदा मनकर्णाबाई दौलतराव मास्तरांकडे जाऊन गुन्हे लिहवून घ्यायची. सांगताना तिचा आवाज इतका खुलायचा की शाळेतली पोरं पाढे सोडून ऐकत बसायची. पत्र रिसोडला जायचं, तिथून कुठेकुठे जायचं, आणि दोन-अडीच महिन्यांनी टपालवाले जब्बारमिया निकाल घेऊन यायचे. जगदेव शिक्षा अगदी हलकी द्यायचा. "इंद्रभानला तळहातावर दोन. फोक ओली नसावी." तोवर गुन्हा काय होता हे इंद्रभान विसरलेला असायचा. तो हात पुढे करून विचारायचा, "आजी, हे कायचे?" मनकर्णाबाई म्हणायची, "वासरू सोडलं होतं त्याचे." मग तो मान डोलवायचा. ते वासरू तोवर गोऱ्हा झालेलं असायचं.

एकदा विजयमालाच्या नावाचे तीन फटके आले तेव्हा ती तापाने फणफणली होती. पंचफुला म्हणाली, ताप उतरू द्या. मनकर्णाबाई म्हणाली, पुढं ढकलायचा हुकूम नाई. मग तहकुबीसाठी वेगळं पत्र गेलं. "थांबा" असं उत्तर आलं तेव्हा तो ताप जाऊन दुसरा आला होता.

"तुहा नवरा लेकरं वाया घालून राह्यला," मनकर्णाबाई सुनेला म्हणायची.

"तुमचाच पोरगा हाय, आत्याबाई," पंचफुला भाकरी थापता थापता म्हणायची. हे ती तव्याकडे बघून म्हणायची, पण म्हणायची.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत सिंगापूर पडलं. केनवडला ते कसं पडलं आणि कोणावर पडलं हे कळलं नाही, फक्त पत्रं बंद झाली. गुन्हे मात्र चालूच होते. इंद्रभानने आजीच्या मिसरीच्या डबीत चुलीतली राख भरली आणि आजीने ती दात घासून संपवली. हंड्यात बेडूक टाकला. बकरीची दाढी कापली आणि ती आपल्या हनुवटीला चिकटवून मास्तरांच्या शाळेत जाऊन बसला. मनकर्णाबाई प्रत्येक गुन्ह्याला किती मिळाले असते याचा अंदाज बांधून भिंतीवर कोळशाने रेघा ओढत होती. निंबाची फोक तिने तेल लावून आढ्याला टांगली होती.

पावसाळ्यात जब्बारमिया सरकारी कागद घेऊन आले. मास्तरांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "जगदेव बेपत्ता हाय."

"मेला काय?" मनकर्णाबाईने विचारलं.

"तसं लिहेल नाई."

"जिता हाय काय?"

"तसंबी लिहेल नाई. मनकर्णाबाई, सरकारलेच माहीत नाई तं मी कुठून सांगू?"

मनकर्णाबाई दिवसभर विचार करत बसली. संध्याकाळी दिवा लावता लावता तिने सुनेला निकाल सांगितला. जो मेलाही नाही आणि जिताही नाही, तो अर्धा. तेव्हा सगळं अर्ध्याने करायचं.

पंचफुलाच्या डाव्या हातातल्या बांगड्या फोडल्या, उजव्या हातातल्या राहिल्या. कपाळावरचं कुंकू उभ्या रेघेने मधोमध पुसलं. हळदीकुंकवाला बायका तिला हळद लावायच्या आणि कुंकवाचा करंडा पुढे न्यायच्या. वटपौर्णिमेला बाकीच्या बायकांनी वडाला सात फेरे घातले, तिला साडेतीन दिले. साडेतीन फेरे झाले तेव्हा ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला होती. बायका अलीकडे. तिथेच उभी राहून तिने हात जोडले आणि बांधाबांधाने घरी आली.

हे सगळं तिने सोसलं. पुढचा निकाल ऐकला तेव्हा मात्र तिने हातातली परात खाली ठेवली.

"हुकूम देणारा अर्धा राह्यला," मनकर्णाबाई म्हणाली, "म्हून अर्धा हुकूम म्हाया. भिंतीवर इंद्रभानच्या एकोणीस रेघा हायेत आन् विजूच्या आठ. याच्या साडेनऊ, तिच्या चार."

"आत्याबाई, त्याईनं सांगून ठेवलं होतं."

"अर्ध्यानं सांगितलं होतं. बाकीचं अर्धं मी सांगते."

"मी मधात पडीन."

"पड. तुयेबी अर्धे मोजीन."

पंचफुला मधात पडली आणि तिचेही मोजले गेले. विजयमालाने चार घेतले आणि कोपऱ्यात जाऊन पाठीवर ओलं फडकं टाकून बसली. इंद्रभानचे नऊ झाल्यावर प्रश्न आला की अर्धा कसा मारायचा. हळू मारला तर तो पूर्णच, फक्त हळू. मनकर्णाबाईला लबाडी खपत नसे. तिने फोक गुडघ्यावर ठेवून मोडली, अर्धी फेकली, आणि उरलेल्या अर्ध्या फोकीने पूर्ण ताकदीने मारला. अर्धी फोक जास्त लागते, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं.

रात्रीच्या भाकरीला इंद्रभान पालथा पडून जेवला. "माय," तो म्हणाला, "बाबा पुरा कधी होईन?"

"होईन," पंचफुला म्हणाली. "तुह्या बापानं तुले कोणाले हात लावू देला नसता. तो पुरा झाला का पाय, या बुढीचाच निकाल लागते."

हे ती पुढे दीड वर्ष सांगत राहिली. लेकरांना सांगायची, चुलीला सांगायची, म्हशीची धार काढताना म्हशीला सांगायची. बेपत्ताचे अर्धे फटके हप्त्याला एकदा ठरले होते. दर खेपेला ती पोरांच्या पाठीला हळद लावायची आणि म्हणायची, लिहून ठेवा, बाप आला का सांगू.

त्रेचाळीस सरता सरता जब्बारमिया लांबूनच कार्ड हलवत आले. छापील कार्ड होतं. जगदेव जपान्यांच्या कैदेत होता. जिवंत होता.

मनकर्णाबाई ओट्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून सुनेकडे बघितलं. पंचफुला उजव्या हातातल्या दोन बांगड्या काढून डाव्या हातात चढवत होती.

"आता तो पुरा हाय, आत्याबाई," पंचफुला म्हणाली. "म्हंजी दीड वर्ष तुमी बिनहुकमाचं मारलं."

मनकर्णाबाई उठली. तिने फोक आढ्यावरून काढली आणि कणगीच्या मागे ठेवली.

कैद्याला उत्तर लिहिता येत होतं, पण पंचवीस शब्दांत. त्यावर एक शब्द झाला तर कार्ड फाडून टाकतात, असं मास्तर म्हणाले. पंचवीस शब्दांवर सासू-सुनांत तीन दिवस भांडण झालं. एकीला पोरांचे गुन्हे लिहायचे होते आणि दुसरीला सासूचा. शेवटी मास्तरांनी वाटणी केली. बारा शब्द सासूला, बारा सुनेला, उरलेला एक दोघींच्या सामाईकातला.

मनकर्णाबाईने बोटं मोडत बारा शब्द सांगितले: "पोट्टे बिघडले. इंद्रभाननं मिसरीत राख, हंड्यात बेडूक, बकरीची दाढी. किती मारू, कळव."

पंचफुलाने तीन दिवस मनात घोळवलेले बारा सांगितले: "आईनं तुमच्या हुकमाशिवाय लेकरांना मारलं. पाठीवर वळ आहेत. आता कोणाचा हुकूम चालायचा?"

सामाईकातला शब्द मास्तरांनी स्वतःच टाकला: "खुशाल."

कार्ड गेलं. त्यानंतर तेरा महिने त्या घरात कोणी कोणाला बोट लावलं नाही. मनकर्णाबाई निकालाची वाट बघणाऱ्या आरोपीसारखी वागत होती. सुनेला आधी वाढायची. इंद्रभानने तिच्या चपलेत गोखरू टाकले तर काढून बाजूला ठेवायची आणि म्हणायची, "राहू दे. लहान हाय." पाठी निवल्या. विजयमाला आंघोळीनंतर आईला विचारायची, "माय, दिसते काय?" पंचफुला म्हणायची, "नाई दिसत." तिला वाटायचं की हे तेरा महिने म्हणजेच नवरा. तो घरी असता तर घर असंच असतं.

पंचेचाळीसचा उन्हाळा लागता लागता उत्तर आलं, तसंच छापील कार्ड, इंग्रजीत. वरच्या कचेरीत कोणीतरी त्याचं मराठी करून सोबत जोडलं होतं. पंचफुलाने दोन्ही लेकरांना तेल लावून, भांग पाडून ओसरीवर बसवलं. निकाल त्यांच्या समोर वाचला जावा, अशी तिची इच्छा होती. मनकर्णाबाई खांबाला टेकून, हात मांडीवर घेऊन बसली.

मास्तरांनी कागद उघडला, मनात वाचला, आणि चष्मा पुसला.

"वाचा ना," पंचफुला म्हणाली.

मास्तरांनी वाचलं: "सगळ्यांना मारा. रोज सकाळी. रांगेत. कारण नको. रडलं तर पुन्हा पहिल्यापासून."

जब्बारमियांनी पिशवीचं तोंड बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं.

"पुढं?" पंचफुलाने विचारलं.

"एवढंच हाय."

"शब्द सरले असतीन."

मास्तरांनी बोटावर मोजले. "अकरा लिहेल हायेत. त्यालेबी पंचवीसच होते, चौदा उरले."

पंचफुला त्या चौदा शब्दांच्या जागेकडे बघत राहिली. दुसरी बाई असती तर तिथे काय काय बसलं असतं याचा विचार केला असता. पंचफुलाला एकच दिसत होतं, की त्याला जागा होती.

"कारण नको कसं?" मनकर्णाबाई म्हणाली. "मी बिनकारणाचं कधी मारलं नाई. एक रेघ दाखवा भिंतीवर, जिले कारण नाई." तिचा आवाज दुखावल्यासारखा होता. "त्याले कोणी शिकवलं हे?"

"तिकडं तसंच करत असतीन," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी."

"मंग त्यानं इकडं काहून पाठवलं?"

मास्तरांनी कागदाची घडी घातली. "आपण विचारलं होतं, मनकर्णाबाई. दोघीनंबी."

मास्तर आणि जब्बारमिया गेले. पंचफुला म्हणाली, हे कार्ड त्याचं नव्हेच, कचेरीतल्या कोणीतरी चूक केली. मनकर्णाबाई म्हणाली, मलेबी तसंच वाटते. दोघींचं एकमत होण्याची ती पहिली वेळ. मग मनकर्णाबाईने जमिनीकडे बघत विचारलं, "पण मंग ते पहिलं कार्ड? तेबी छापीलच होतं. हे त्याचं नाई, तं ते तरी त्याचं कायवरून?"

पंचफुलाच्या दोन्ही हातांत बांगड्या होत्या. तिने ते हात पदराखाली घेतले. हुकूम खोटा म्हटला तर हुकूम देणारा गेला, आणि या खेपेला अर्धा नव्हे, पुरा. हुकूम खरा म्हटला तर तो जिवंत होता, कुठेतरी रोज सकाळी उभा राहत होता, आणि घराला आपल्या शेजारी उभं करू बघत होता.

"फोक कुठं हाय, आत्याबाई?"

"कणगीमांगं. पण मले नाई जमायचं बाप्पा. कारणाबिगर हात उचलत नाई म्हाया."

"सगळ्यायले म्हंजी तुमालेबी हाय."

मनकर्णाबाईने यावर विचार केला. "हाव," ती म्हणाली. "लिहेल तं तसंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा टाकून झाल्यावर चौघं भिंतीजवळ उभी राहिली. वयाप्रमाणे. आधी मनकर्णाबाई, मग पंचफुला, मग विजयमाला, शेवटी इंद्रभान. किती मारायचे हे हुकमात नव्हतं, म्हणून एकेक ठरला. पंचफुला रांगेतून बाहेर आली, सासूच्या पाठीवर मारला. फोक सासूच्या हातात दिली, स्वतःचा घेतला, फोक परत घेतली. मग लेकरांकडे वळली. विजयमालाने डोळे मिटले होते. इंद्रभानने उघडे ठेवले होते. तो आता दहा वर्षांचा होता.

"माय," तो म्हणाला, "बाबा पुरा झाला तं बुढीचा निकाल लागन म्हणत होती तू."

"लागला," पंचफुला म्हणाली आणि मारला.

पहिल्या दिवशी कोणी रडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेजारपाजारचे लोक कुंपणापाशी थांबून बघायचे. चौथ्या दिवसापासून तेही थांबेनासे झाले, कारण रोज तेच होतं.

सातव्या दिवशी विजयमाला रडली. आवाज न करता, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सगळ्यांनी पाहिलं. पंचफुलाने फोक पदराआड केली, जणू काही झालंच नाही. इंद्रभान भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दिदी रडली."

मग मनकर्णाबाई रांगेतल्या आपल्या पहिल्या जागी परत गेली, दोन्ही हात भिंतीला टेकवले आणि पाठीवरचा पदर बाजूला केला.