वाकडा पूल

ती पुन्हा एकदा पुलावर चढली आणि पुन्हा एकदा सुखरूप पलीकडे उतरली. पायांखाली फळ्या करकरल्या, दोन्ही बाजूंना पाणी खळाळत राहिलं आणि शेवटी पलीकडच्या काठावरची घंटा वाजली. तिने हेडफोन मानेवर ओढले आणि टेबलावर बोटं आपटली.

"सरळ आहे," ती भिंतीला म्हणाली. "सुतासारखा सरळ आहे."

पूल तिनेच बांधलेला होता. खेळाचं नाव 'हरकारा'. खांद्यावर टपालाची थैली घेतलेला हरकारा रानातून, दलदलीतून, नदीवरून वाट काढत गावोगाव जातो आणि खेळणारा त्याला निव्वळ कानांनी चालवतो. पडद्यावर काहीच नाही. असतं तरी उपयोग नव्हता, कारण खेळणारे बहुतेक सगळे तिच्यासारखेच अंध. पुलाचा नियम साधा होता. दोन्ही कानांत पाणी सारखं ऐकू येतंय तोवर तुम्ही मधोमध आहात. एका बाजूचं वाढलं की समजायचं, त्या कडेला आलात.

आणि नवी आवृत्ती निघाल्यापासून खेळणाऱ्यांचा सगळा गट नदीत पडत होता.

"ताई, पूल वाकडा आहे." "ताई, मी दर वेळी उजवीकडे पडतो." "ताई, इतके महिने थांबलो ते यासाठी?" "झेपत नसेल तर तसं सांगा, दुसरं कुणीतरी करेल."

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर हे सगळं एकाच पट्टीत वाचत होता. त्याच आवाजात तिचं विजेचं बिल येई, त्याच आवाजात तिने लिहिलेला कोड. शिवी आणि स्वल्पविराम त्याला सारखेच. माणूस चिडला की निदान त्याचा स्वर तरी चढतो. इथे सगळा गट मिळून एकच थंड माणूस झाला होता आणि तो दिवसभर तिच्या कानात मुक्काम ठोकून होता.

गटाचंही अगदीच खोटं नव्हतं. इतरांसाठी खेळांचा बाजार भरलेला असतो. यांच्या वाट्याला येतात ते बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे जो मिळाला तो सगळ्यांच्या मालकीचा आणि जी तो करते ती घरचीच. तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणत, आणि घरच्या बाईला कुणी 'कृपया' म्हणत नाही.

तिने सगळ्यांना मिळून एकच उत्तर लिहिलं होतं: पूल सरळ आहे, नीट ऐका. ज्यांचं सगळं आयुष्य नीट ऐकण्यावर चाललंय त्यांना हे सांगणं म्हणजे आगीत तेल. त्या दिवसापासून पत्रं दुप्पट झाली.

दुपारी नवरा आला. तो शाळेची बस चालवायचा. मुलांना पोचवल्यापासून ती सुटेपर्यंतचा वेळ त्याचा. हात धुऊन तो तिच्यामागे उभा राहिला.

"बघू, मला दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बुडायला काय कळावं लागतं?"

त्याने हेडफोन चढवले, कळा दाबल्या आणि थोड्याच वेळात बुडाला. आणखी एकदा बुडाला. मग हसत म्हणाला, "मला आपली बसच बरी," आणि हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवून स्वयंपाकघरात गेला.

तिने हरकाऱ्याला पुलावर चढवलं आणि दचकली. सगळी नदी उजवीकडे येऊन आदळली होती. डावीकडे नुसती ओल. ती सावरायला गेली आणि चौथ्या-पाचव्या फळीवरच पाण्यात पडली. आपल्याच पुलावरून, पहिल्यांदा.

तिने हेडफोन चाचपले. डाव्या बाजूला असायची ती वायर उजवीकडे होती.

"उलटे घातलेस मला," ती ओरडली.

"मग सुलटे घाल की," आतून आवाज आला.

पण तिचा हात हेडफोनवरच थांबला. पुलाच्या दोन्ही बाजूंना पाणी सारखंच. मग हेडफोन उलटे घातले काय आणि सुलटे घातले काय, मधोमध उभं राहून सारखंच ऐकू यायला हवं. तिने ते सुलटे केले: नदी सरळ. उलटे केले: नदी उजवीकडे. तिने हे पुन्हा पुन्हा केलं. पूल तिने ऐकत ऐकत, कानाला बरोबर लागेपर्यंत डावी बाजू किंचित वाढवत बांधला होता. सरळ वाटला तो तिला. वाकडा तिचा कान होता.

कानांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या, कागद चाळले आणि जरा वेळाने म्हणाल्या, "डाव्या कानात शीळ वाजते का?"

"वाजते. फ्रिजची असेल असं वाटायचं."

"तुमचीच आहे ती. किती तास असतात हेडफोन?"

बाजूला बसलेला नवरा म्हणाला, "काढते कधी ते विचारा."

"बंद करायचे. मी सांगेपर्यंत. गेलेलं थोडंफार परत येईल, पण आणखी ताणलंत तर येणार नाही."

"घाट तेवढा पूर्ण करते. अर्धा झालाय, मग बंद."

"कुठला घाट?"

"खेळातला. पुढचा टप्पा आहे. कबूल केलाय लोकांना."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "हे बघा, इतरांना मी हे गोड बोलून सांगते, तुम्हाला सरळ सांगते. रस्ता ओलांडताना तुमच्याकडे या दोन कानांशिवाय दुसरं काय आहे?"

घरी आल्यावर तिने लहान स्पीकर लावला, आवाज बारीक ठेवला आणि पुलाच्या दोन्ही बाजूंच्या आवाजाचे आकडे सारखे केले. ऐकून पाहिलं नाही. उभ्या आयुष्यात न ऐकता पूर्ण केलेलं हे तिचं पहिलंच काम. मग गटाला लिहिलं, 'पुलाची दुरुस्ती केली आहे.' बिघाड कशात होता, ते लिहिलं नाही. गटात तिचं नाव होतं ते कानांसाठी. तिच्या खेळात चिखलावरच्या आणि वाळूवरच्या पावलांतला फरक ऐकू येतो असं लोक कौतुकाने सांगत. त्याच लोकांना कान अधू झालाय म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार?

हेडफोन कपाटात गेले. पत्रं आता दुपारी नवरा वाचून दाखवायचा. ती ओट्याशी भाजी निवडायची किंवा कपड्यांच्या घड्या घालायची. त्याचं वाचन बस चालवल्यासारखं, थांब्याथांब्याला थांबत. मध्येच माउसचं चाक बराच वेळ फिरायचं. शोधत असेल, असं तिला वाटायचं.

"'घाट, घाट करत वर्ष घालवलं. आता खेळ दुसऱ्याच्या हवाली करा आणि घरी बसा.'"

"घरीच बसलेय. पुढे?"

"'ताई मोठ्या झाल्या, आता उत्तर कशाला देतील?' आणि हा बघ, हा रोजचा आहे. 'आमच्या भावनांशी खेळता, त्यापेक्षा खेळ करा.' बरा लिहितो गडी."

"चुलीत जाऊ दे सगळे. अशांसाठी मी कान घालवू?"

"मुळीच नको," तो म्हणायचा आणि चहा टाकायचा.

तसं पाहिलं तर ते दिवस चांगलेच गेले. ती वेळेवर जेवू लागली. दुपारी पाठ टेकू लागली. डाव्या कानातली शीळ हळूहळू लांब गेली आणि एका सकाळी शेजारच्या घरातल्या पिठाच्या डब्याचं झाकण पडलेलं तिला भिंतीपलीकडून, नेमकं डावीकडून ऐकू आलं. पण आत कुठेतरी काहीतरी आंबत चाललं होतं. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी केलं, त्यांतल्या एकालाही बरं काही सुचू नये? रागाने नाही, आता कंटाळ्यानेच तिने ठरवलं, की खेळच काढून टाकायचा. रान, दलदल, पूल, सगळं.

तसं लिहायच्या आधी मास्तरांचा फोन आला. मास्तर अंध मुलांच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले. हरकाऱ्याची प्रत्येक आवृत्ती निघाल्या निघाल्या त्यांनी खेळून पाहिलेली.

"बाळ, माझं काही चुकलं का गं?"

"तुमचं काय चुकेल, मास्तर?"

"नाही, इतकी पत्रं लिहिली, तुझी एक ओळ नाही. म्हटलं, म्हातारा आगाऊपणा करतोय असं वाटलं असेल. दुरुस्तीनंतर पूल कसा झकास झाला ते मी लगेच लिहिलं. आणि मीच नाही, कितीतरी जणांनी लिहिलं. सगळे मलाच विचारतात, ताई रागावल्यात का?"

तिच्या हातातली घडी मोडली.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "वाचायची राहून गेली माझी. बरं नव्हतं जरा."

नवरा आला तेव्हा ती टेबलाशी बसलेली होती. त्याने किल्ल्या नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या.

"मास्तरांची पत्रं कुठंयत?" तिने विचारलं.

तो खुर्ची ओढून समोर बसला.

"आहेत. पुसलेलं काहीच नाही. नुसती वाचली नाहीत."

"कुणाकुणाची?"

"चांगलं लिहिणाऱ्यांची. सगळ्यांची."

"आणि शिव्या तेवढ्या चवीने वाचून दाखवल्यास."

"हो." त्याचा आवाज खाली गेला. "शिव्या ऐकून तू काय करतेस? चुलीत जाऊ दे म्हणतेस आणि झोपतेस. आणि कुणी गोड लिहिलं की? माझ्या बहिणीच्या घरी भरल्या ताटावरून उठून आली होतीस. का, तर एका मुलीने लिहिलं होतं, ताई, तुमच्या रानात मला भीती वाटत नाही. पहाटेपर्यंत बसलीस. शिव्या देणाऱ्यांचं मला काही वाटत नाही गं. मला या लोकांची भीती वाटते. फार चांगलं बोलतात ते."

"मला कळणार नाही असं वाटलं?"

"कळेल असंच वाटलं होतं. तोवर कान बरा होईल, असंही वाटलं."

"आपल्याबद्दल बरं बोलणारं जगात कुणी उरलं नाही, असं समजून मी इतके दिवस काढले. खेळ काढून टाकायला निघाले होते मी. हे बरं होतं?"

"नव्हतं."

एवढंच म्हणाला तो. सफाई दिली नाही, हात धरायलाही आला नाही. तिला रडू येत होतं आणि त्याला फाडून खावंसंही वाटत होतं. आणि तो म्हणाला त्यात खोटं काय, ते काही केल्या सापडत नव्हतं, म्हणून जास्तच राग येत होता.

"वाच," ती म्हणाली. "गाळलेलं सगळं वाच."

त्याने वाचायला घेतलं. मास्तरांची पत्रं लांबलचक होती, त्यांत पुलाच्या फळ्या कोणत्या सुरात करकरतात त्याचीही चर्चा होती. ती ओल्या डोळ्यांनी हसली. मग एका बाईचं आलं. "'ताई, मी आणि माझी सासू मिळून खेळतो. त्यांना दिसतं, पण त्या माझ्यापेक्षा जास्त वेळा पाण्यात पडतात. लग्न झाल्यापासून त्या मला हाताला धरून नेतात. पुलावर मी त्यांना नेते. पुढचा टप्पा कधी?'"

पुढचा टप्पा कधी. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच होतं, कधी लाजत, कधी हट्टाने. घाटाचं पहिलं वळण तिच्या डोक्यात आपसूक वाजू लागलं: पायाखालून सुटलेला दगड, त्याचं खाली खाली जाणं, मग बऱ्याच वेळाने दरीतून आलेला आवाज. दगड डावीकडून सोडायला हवा. तिचे हात कधी वर आले आणि कीबोर्डवर जाऊन बसले, ते तिलाही कळलं नाही.

नवरा वाचायचा थांबला.

तिने हात उचलले, मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

"थांबू नको," ती म्हणाली. "संपेपर्यंत वाच."

त्याने संपेपर्यंत वाचलं. त्यानंतर तिने सांगितलं आणि त्याने टाइप केलं. पूल वाकडाच होता, तुमचं बरोबर होतं. मी 'नीट ऐका' म्हटलं, ते चुकलं. माझा डावा कान कमी ऐकत होता आणि मी त्याच कानाने पूल बांधला. आता कानाला विश्रांती आहे. खेळ आहे तिथेच राहील. पुढच्या वर्षी घाट नक्की देईन.

"वाचून दाखव."

त्याने वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. शेवटचं वाक्य वाचताना आवाज जरा अडखळला, पण वाचलं.

"शेवटचं काढ," ती म्हणाली.

"मी नाही. मी आता काही गाळणार नाही. काढायचं तर तू काढ."

तिने मांडीखालचा एक हात सोडवला, बारीक आवाजात स्क्रीन रीडर सुरू केला आणि पुसायची कळ शोधली. जाणारा प्रत्येक शब्द तो आवाज त्याच्या त्या एकाच पट्टीत सांगत गेला. देईन. नक्की. घाट. वर्षी. पुढच्या. 'खेळ आहे तिथेच राहील'पर्यंत येऊन ती थांबली आणि पत्र तिनेच पाठवून दिलं.

"आता ते सासूचं पुन्हा वाच," ती म्हणाली आणि खुर्ची टेबलापासून लांब सरकवून बसली.