निळी बाटली

आमच्या इमारतीत चोवीस घरं आहेत, आणि माझी चाहूल लागली की लोक आधी आपापले कचऱ्याचे डबे तपासतात. "इन्स्पेक्टरबाई आल्या," असं जिन्यात कुजबुजतात. मला ऐकू येतं, येऊ दे. आठ महिने दारोदार फिरून, टोमणे गिळून, मी एकोणीस घरांना ओला-सुका कचरा वेगळा करायला लावलं. दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणायचे, "शेवटी सगळं एकाच खड्ड्यात जातं हो." त्यांना मी जवळजवळ हाताला धरून कचरा निवडायच्या शेडवर नेलं आणि तिथल्या मावशीचं काम दाखवलं.

मावशी शेडमधल्या लांब टेबलाशी उभी राहून आमच्या भागाचा सुका कचरा निवडते. बाटलीचं प्लास्टिक वेगळं, झाकणाचं वेगळं, म्हणून प्रत्येक झाकण ती हाताने काढते. मग बाटली तळहातावर पालथी करून झटकते, आत काही ओलं उरलंय का बघायला. त्या दिवशी मी वकिलांचा उतरलेला चेहरा बघण्यात इतकी रमले होते की मावशीच्या हातांकडे माझं लक्षच नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी शेडचा मुकादम आमच्या दारात उभा राहिला.

"ताई, मावशीच्या हातात सुई घुसली. इंजेक्शनची, वापरलेली. तुमच्याच इमारतीच्या गोणीतून निघाली."

"कशी आहे ती?"

"दवाखान्यात बसवलंय. डॉक्टर म्हणतात, सुई कुणाची ते कळलं तर त्या माणसाचं रक्त लगेच तपासता येईल. नाहीतर तिला महिनाभर जड औषधं, आणि पुढे कित्येक महिने टांगती तलवार."

माझं डोकंच फिरलं. तीन घरांत इन्सुलिनची इंजेक्शनं चालतात: वकिलांची आई, वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका आणि आमचे मामंजी. मी सगळ्यांना जिन्यात बोलावलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. "एवढं कानीकपाळी ओरडले, तरी कुणी हा निष्काळजीपणा केला? एका बाईच्या जिवाशी खेळ आहे हा!"

शिंपीकाका खाली मान घालून म्हणाले, "आमच्या सुया मी दवाखान्यातच परत देतो." वकिलांनी आईच्या सुयांचा डबा घरातून आणून दाखवला. मग मुकादमाने पिशवीतून बाटली काढली. "सुया हिच्यातून पडल्या. बघा, कुणी ओळखतं का."

कपड्यांच्या साबणाची निळी बाटली होती. आतून धुतलेली, वरचा कागद गरम पाण्याने सोलून काढलेला, गोंदाचा डागसुद्धा नाही. बाटलीवरचा कागद सोलणारं आख्ख्या इमारतीत एकच घर आहे.

खालच्या फलकावर माझ्याच अक्षरात कागद लावलेला होता: सुया घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि सुक्या कचऱ्यात द्या. झाकण घट्ट असलं की झालं, असं मी धरून चालले होते. ते उघडणारी बाई मी स्वतः पाहिली होती आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. गप्प राहावं, असं एक क्षण मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

"बाटली आमची आहे," मी म्हणाले.

घरात जाऊन मामंजींना सांगितलं. त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. "चल मग. माझं रक्त काय तिजोरीत ठेवायचंय?"

दवाखान्यात मावशी बाकावर बसली होती, उजवा हात मांडीवर उताणा ठेवून. मामंजींना आत नेलं आणि मी तिच्यासमोर उभी राहिले.

"मावशी, ती बाटली माझी."

"ठाऊक होतं मला."

"मग मुकादमांना सांगितलं का नाही?"

"खात्री होती हो, पण वाटत होतं, तुमची नसावी." ती हाताकडे बघत राहिली. "हातमोज्यात झाकणं घसरतात, काम उरकत नाही. तरी मी घालते. फक्त तुमच्या घरची पिशवी आली की हातमोजे काढून ठेवते. म्हटलं, या घरचं काही बघायला नको."

मला रडू फुटलं. तिने मला गप्प केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मामंजींच्या रक्तात काही निघालं नाही. डॉक्टरांनी मावशीची औषधं थांबवली. मी फलकावरचा कागद फाडला आणि पुन्हा चोवीस दारं वाजवली. प्रत्येक दारात आधी माझी चूक सांगितली, मग सुया दवाखान्यात द्यायचं सांगितलं. उरलेल्या पाच घरांपैकी दोन त्याच आठवड्यात कचरा वेगळा करायला तयार झाली. का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी आमची पिशवी मी स्वतःच शेडवर घेऊन गेले. मावशीने माझी, मामंजींच्या गुडघ्यांची चौकशी केली, हसलीसुद्धा. मग पिशवी टेबलावर ओढली, खिशातून हातमोजे काढले, दोन्ही हातांत नीट चढवले आणि पहिल्या झाकणाला हात घातला.