व्हायोलिनवाला म्हातारा

प्रथमेशने शोकेसमधला व्हायोलिनवाला म्हातारा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या बुडातून बारीक टिणटिण सूर सुरू झाले. स्वयंपाकघरात श्यामलाबाई चहा गाळत होत्या. चहा कपाबाहेर, ओट्यावर पसरला.

"खाली म्युझिक बॉक्स आहे, काकू," तो बाहेरून म्हणाला. "उचललं की वाजतो, ठेवलं की बंद."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

प्रथमेश शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला राहायचा, आयटीत होता. चिनीमातीच्या जुन्या व्हिस्कीच्या बाटल्या जमवायचा त्याला नाद. बाटल्या नावाला, दिसायला कुणी मोर, कुणी शिपाई, कुणी रेल्वेचं इंजिन, कुणी हा म्हातारा. श्यामलाबाईंच्या नवऱ्याला, विनायकरावांनाही हाच नाद होता. बँकेच्या बदलीने ते कोलकात्याला आले, बेहाला भागात घर केलं आणि रविवारी रसेल स्ट्रीटवरच्या लिलावात जाऊन एकेक नग आणत राहिले. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. गिऱ्हाईक अनुजाने, त्यांच्या मुलीने, बंगलोरहून शोधून दिलं होतं. "बरं झालं, आई. तेवढीच जागा मोकळी होईल," ती म्हणाली होती. खरं कारण श्यामलाबाईंनी तिलाही सांगितलं नव्हतं.

तो म्हातारा अजून वाजत होता.

विनायकरावांना मोठी कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी दारू कायमची बंद केली. त्यांनी अनुजाची शपथ घेतली. मग एका संध्याकाळी शेजारच्या सेनगुप्तांकडे दिवेलागणीचा शंख वाजला आणि पाठोपाठ बाहेरच्या खोलीतून हे सूर आले. श्यामलाबाईंनी डोकावून पाहिलं. विनायकराव खुर्चीत, म्हातारा त्यांच्या हातात. शपथ मोडली, असंच त्यांनी धरलं. स्वयंपाकघराचं दार तेवढं लोटून घेतलं.

त्यानंतर रोज शंख, रोज सूर, रोज दार. अंथरुणं वेगळी झाली. बोलणं "वाढलंय" एवढ्यावर आलं. वास येतो का, हे बघायलाही त्या कधी जवळ गेल्या नाहीत. शोकेसवरची धूळसुद्धा तेच पुसायचे. दवाखान्यात शेवटी त्यांनी हात पुढे केला, तेव्हा श्यामलाबाईंनी त्यांची चादर सारखी केली. डॉक्टर हृदयाचं म्हणाले. श्यामलाबाईंनी मनात दुसरंच धरलं.

आणि तेरावं झालं त्याच संध्याकाळी, शंखापाठोपाठ, बंद दारापलीकडून पुन्हा सूर आले. तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. दार उघडून बघायचा धीर त्यांना झाला नव्हता.

"काकू, जरा बाहेर येता?"

त्या हात पुसत आल्या. प्रथमेशने म्हातारा टेबलावर ठेवला होता.

"ही टोपी म्हणजे बूच. आणि ही बघा पट्टी." टोपीवरून मानेपर्यंत विटक्या हिरव्या कागदाची पट्टी चिकटवलेली होती. "ही फाटल्याशिवाय टोपी निघत नाही. हा कधी उघडलेलाच नाही."

"मागून चिकटवली असेल."

"नाही हो. कागद मातीला किती घट्ट बसलाय बघा. कारखान्यातून आला तसाच आहे." त्याने म्हातारा किंचित कलता केला. दोन सूर निघाले आणि आत काहीतरी जड डुचमळलं. "बाकीचे सगळे रिकामे आहेत. आत नुसती धूळ."

श्यामलाबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेलं. कुठेही अडलं नाही.

"मग रोज काय करत होते?"

"कोण, काकू?"

त्या आत गेल्या आणि कप घेऊन आल्या. "चहा घ्या. गार होईल."

मोर, शिपाई, इंजिन सगळं गुंडाळून खोक्यात गेलं. प्रथमेश शेवटी म्हाताऱ्याकडे वळला, तेव्हा श्यामलाबाई म्हणाल्या, "हा राहू द्या."

"काकू, खरं तर याच्यासाठीच एवढ्या लांब आलो होतो." पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हातातल्या बबलरॅपची परत घडी घातली.

तो गेल्यावर त्यांनी म्हातारा जागेवर ठेवला आणि शोकेसची काच लावून घेतली. पोळ्यांची कणीक भिजवली. बाहेर अंधारून आलं. सेनगुप्तांकडे शंख वाजला. सवयीने श्यामलाबाईंचा हात दाराकडे गेला आणि तिथेच थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या, विनायकरावांच्या खुर्चीसमोर बसल्या.

काच बंद होती. म्हातारा आपल्या जागी उभा होता, टोपी, पट्टी, सगळं जसंच्या तसं. आणि सूर सुरू झाले.

श्यामलाबाई ऐकत राहिल्या. एवढ्या वर्षांत ते गाणं त्यांनी पहिल्यांदाच पुरतं ऐकलं. लहानसंच होतं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून लागत होतं.

"रोज हेच एक ऐकत बसायचात?" त्यांनी समोरच्या खुर्चीला विचारलं.

सूर थांबले. कुणीतरी काहीतरी हलकेच खाली ठेवावं, तसे.