इतवारीच्या टेलेक्सची कैफियत

मी एक जुनी टेलेक्स मशीन आहे, मित्रांनो. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. नागपुरात माझी कळ दाबली की तिकडे जबलपूरच्या मशीनवर अक्षर उमटायचं. एवढं मोठं काम करणारी मी, आणि नशिबी मालक आला तो ईश्वरदास!

मद्रासच्या कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बँकेत जाऊ. पोचले १९७४ साली नागपूरच्या इतवारी बाजारात, हातमागाच्या लुगड्यांच्या पेढीवर. ईश्वरदासचे वडील उमरेडला मागावर बसत. यानं माग सोडून गादी धरली होती. शेजाऱ्यांच्या पोटात दुखावं म्हणून त्यानं मला अगदी दारात मांडलं. गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, "विलायती आहे!" उथळ पाण्याला खळखळाट फार.

त्या पेढीत मला समजून घेणारी एकच होती, माझी ऑपरेटर प्रेमिला. नवऱ्याचं काम सुटलेलं, तिच्या पगारावर घर चालायचं. तिचा हात हलका होता. मला ती फार आवडायची.

माझ्या पोटात एक दातेरी नळी आहे. परगावच्या मशीननं "कोण तुम्ही?" असं विचारलं की ती फिरते आणि आमच्या पेढीची ओळख आपोआप छापली जाते. ओळख पटली तरच समोरचा बोलतो, नाही तर चुकीचा नंबर समजून लाइन तोडतो.

खंडेनवमी आली. ईश्वरदास हळद-कुंकवाचं ताट घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

"झाकण काढ वं प्रेमिला. आमी मागाले पूजतो तं आतपर्यंत अक्षता टाकतो."

"शेठजी, आत नका टाकू. काही अडकून जाईन."

"देवाच्या तांदळानं कधी बिघडते का वं काही?"

मागावर टाकलेल्या अक्षता विणकराच्या पायांखालच्या खड्ड्यात पडतात. माझ्याखाली खड्डा नाही, एवढंही त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. मूठभर तांदूळ माझ्या पोटात गेले आणि नळी अर्ध्यावरच अडू लागली.

तेव्हापासून जबलपूर, रायपूर सगळे गप्प. दिवाळीच्या ऑर्डरीचे दिवस, आणि आमचा एक निरोप पोचेना. लाइन लागायची आणि लगेच तुटायची.

प्रेमिलानं कागद दाखवला. "शेठजी, आपली ओळख अर्धीच छापून राहिली. मेकॅनिकले आत पाहू द्या."

"मले शिकवून राहिली का? लाइन खराब आहे."

तार ऑफिसच्या माणसांनी लाइन तपासली. ती ठणठणीत होती. मग ईश्वरदासनं माझ्या गळ्यात लिंबू-मिरची बांधली आणि नाइलाजानं मेकॅनिकलाही निरोप धाडला. हसावं की रडावं, मला कळेना. तेवढ्यात समोरच्या दुकानात जबलपूरची मोठी ऑर्डर आली आणि याची अक्कल जी उरली होती तीही गेली.

भर पेढीत, गिऱ्हाइकांसमोर तो ओरडला, "हीच चोर आहे! आपले निरोप समोरच्याले विकून राहिली. चाल, निघ इथून!"

प्रेमिला खुर्चीवरून उठली. मला बोलता आलं असतं तर त्या माणसाची सालटी काढली असती! पण आम्हा यंत्रांना दुसऱ्यांचंच बोलणं पोचवता येतं.

ती डबा उचलत होती आणि त्याच वेळी मेकॅनिक श्रीधर दारात आला. त्यानं माझं झाकण काढलं, चिमटा आत घातला आणि तांदळाचे दाणे टेबलावर ठेवले. त्यांना अजून कुंकू लागलेलं होतं.

ईश्वरदास घसा खाकरत म्हणाला, "बरं झालं, सापडलं. बस वं प्रेमिला, जबलपूरले लाव."

माफीचा एक शब्द नाही! गिरे तो भी टांग उपर.

प्रेमिला बसली नाही. "शेठजी, मशीनसाठी तुम्ही मेकॅनिक बोलावला. मले चार लोकांत चोर म्हटलं, ते दुरुस्त कराले कोणाले बोलावसान?"

ईश्वरदास टेबलावरचे दाणे गोळा करत राहिला. ती पायऱ्या उतरून गेली, ती पुन्हा आली नाही.

त्याच दुपारी जबलपूरची हाक आली. मी आमची पूर्ण ओळख छापली. पलीकडून विचारणा झाली, "माल कधी पाठवता?" ईश्वरदास माझ्या कळांकडे नुसता बघत बसला. त्याला टाइप करता येत नव्हतं. थोडा वेळ वाट पाहून जबलपूरनं लाइन तोडली.

मित्रांनो, आमची पूजा खुशाल करा. पण काही बिघडलं, तर आधी झाकण उघडून पाहा. माणसावर आळ घेण्याची एवढी घाई कशाला?