घरी न नेलेलं पुस्तक

आमच्या जिल्हा कचेरीला वाचक दिसत नाही, पुस्तक दिसतं. तेही घरी नेलेलं. ते नोंदीच्या यंत्राखालून गेलं की आकड्यात जमा होतं. जो इथेच बसून वाचतो आणि पुस्तक जागेवर ठेवून निघून जातो, तो कचेरीच्या लेखी आलेलाच नसतो. मी या वाचनालयाची ग्रंथपाल. केर मीच काढते आणि छत गळलं की बादलीही मीच ठेवते, कारण कचेरी दरवर्षी हात आणखी आखडता घेते.

आमच्याकडे येणारे बहुतेक लोक असे न आलेल्यांतलेच. नोकरीच्या जाहिराती बघणारे, अर्ज भरून घ्यायला येणारे, घरात भांडण झालं म्हणून तासभर येऊन बसणारे. मी कुणालाच कारण विचारत नाही. तोंडाने मी फटकळ आहे, पण एवढं मला कळतं.

त्यांत सगळ्यात जुने शिंपीकाका. दुकान बंद झाल्यापासून ते मुलाकडे राहतात. मुलगा रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो, आणि घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. काकांना खोकला आहे. ते खोकले की मुलगा जागा होतो, दिवा लावला तरी जागा होतो. म्हणून सकाळी तो आला की काका बाहेर पडतात आणि संध्याकाळपर्यंत आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. हे मला त्यांच्या सुनेने एकदा येऊन सांगितलं, माझ्या नजरेला नजर न देता. काका स्वतः चकार शब्द काढत नाहीत. घरी उजेड बरोबर नाही, एवढंच म्हणतात. समुद्रप्रवासांवरचा एक जाडजूड ग्रंथ ते वाचत असतात, आणि ती जहाजं गेली असतील त्याहून सावकाश वाचतात.

मग कचेरीतून फोन आला. पैसे कमी झालेत, काही वाचनालयं बंद करावी लागणार, तपासणीला साहेब येतील आणि आकडे बघून ठरवतील. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमचे आकडे बघण्यासारखे कधीच नव्हते.

ही बातमी मी मास्तरीणबाईंना सांगितली आणि तिथून पुढे सगळं त्यांच्या हातात गेलं. बाई निवृत्त झाल्या, पण वर्ग काही सुटलेला नाही. त्यांनी कंबर कसली आणि घरोघर फिरून सगळ्यांना पुस्तकं न्यायला लावली. कार्डावर जेवढी मिळतात तेवढी न्यायची, बायकोच्या कार्डावर, सासूच्या कार्डावर, सगळी. नळ दुरुस्त करणारा कवितांचा अख्खा कप्पा घेऊन गेला. पाववाल्याने कायद्याची पुस्तकं नेली, कारण तेवढीच उरली होती. आणि आता इथे बसून वाचायचं नाही, असाही बाईंचा हुकूम होता. घरी न्यायचं, तरच ते मोजलं जातं. खोटं कशाला सांगू, रोज संध्याकाळी आकडा बघून माझा ऊर भरून यायचा.

शिंपीकाकांच्या काखेत तो जाडजूड ग्रंथ बाईंनी स्वतः दिला. काका थोडे घुटमळले, पण वाचनालयासाठी म्हटल्यावर नाही म्हणवेना. मला वाटलं, पुस्तक जाईल घरी आणि काका येतील इथे. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही रिकामीच. शेवटी सून वाण्याच्या दुकानात भेटली तेव्हा मी चौकशी केली, तर ती गोंधळली. म्हणाली, बाबा रोज सकाळी पुस्तक घेऊन बाहेर पडतात, मला वाटलं तुमच्याकडेच असतात.

काका मला त्यांच्याच इमारतीच्या जिन्यात सापडले. मधल्या वळणावर एक खिडकी आहे, तिथे पायरीवर वर्तमानपत्र घालून बसले होते. मला राग आला आणि रडूही आलं, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला. ही काय बसायची जागा आहे का, चला माझ्याबरोबर, असं मी ओरडले. त्यांनी ओठावर बोट ठेवून वर दाखवलं. मुलगा झोपला होता.

"तपासणी होऊ दे," ते कुजबुजले. "मी तिथे बसलो तर बाईंचा हिशेब बिघडेल. वाचनालयाची खोली राहिली की मग येतोच आहे मी."

साहेब आले ते भलतेच सज्जन निघाले. उर्मट असते तर माझं काम सोपं झालं असतं. थकलेला चेहरा, हातात कचेरीची पिशवी. त्यांनी आकडे बघितले आणि मनापासून कौतुक केलं. मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या, त्यांचा चेहरा फुलला. मग साहेबांनी खोलीत नजर फिरवली. कपाटं रिकामी, खुर्च्या रिकाम्या, टेबलं मी सकाळी पुसलेली ती तशीच लख्ख.

ते म्हणाले, इथले लोक घरी वाचतात, हे फार चांगलं आहे. सगळ्या खोल्या चालवायला पैसे नाहीत, तेव्हा जिथे लोक येऊन बसतात तिथली खोली ठेवू. इथे फिरतं वाचनालय पुरेल. गाडी रोज दिवसभर या भागात फिरेल आणि तिच्यावर तुम्हीच राहाल. तुमची नोकरी कुठे जात नाही.

मी म्हटलं, साहेब, इथेही लोक बसतात, दिवसदिवस बसतात.

"कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. ते खरोखरच बघत होते.

मी बाईंकडे पाहिलं. त्या सरळ आत आल्या आणि एका खुर्चीवर बसल्या, पण एकट्या बाईंनी खोली कशी भरणार? साहेबांनी सही केली, नमस्कार केला आणि ते गाडीकडे गेले. आम्ही आपल्याच हातांनी आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेतली होती, आणि चांगली धार लावून.

तेवढ्यात शिंपीकाका आले. कचेरीची गाडी त्यांना जिन्याच्या खिडकीतून दिसली होती. धापा टाकत त्यांनी विचारलं, झाली का तपासणी, बसू का आता? मी सांगितलं. बाईंनी सांगायला हवं होतं, पण त्यांना सांगवेना, म्हणून मी सांगितलं. खोली जाणार, गाडी येणार, पुस्तकं दारात मिळतील.

काकांनी ग्रंथ टेबलावर ठेवला. खोकला आला तो त्यांनी सवयीने दाबला, इथे कुणी झोपलेलं नसताना.

"गाडीत बसायला मिळतं का?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर पळत गेले. साहेबांनी गाडी सुरू केली होती, मी काचेवर थाप मारली. त्या फिरत्या वाचनालयात मला एक खुर्ची हवी, म्हणून सांगितलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी सीट आहेच की. मी म्हटलं, माझ्यासाठी नको, वाचकासाठी हवी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसणाऱ्या. त्यांनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं. काका तिथे उभे होते. साहेबांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, चालत्या गाडीत सुटी खुर्ची ठेवता येत नाही, नियम आहे, तळाला ठोकून बसवावी लागते.

"मग ठोका," मी म्हटलं. "पुन्हा कुणाला काढता येणार नाही अशी ठोका."