जाबेझ क्रँडलचे पाय

मे संपत आला की आमच्या दफनभूमीत दुपारी कामाला गेलेला माणूस धड जागा नसतो. तापलेल्या गवताला गोडसर वास सुटतो, मधमाश्या एकाच सुरात घुमत राहतात, आणि थडग्यांचे दगड जरा हलल्यासारखे वाटतात. तीस वर्षं मी इथला राखणदार आहे. मेलेल्यांशी बोलतो. कोणाला त्यात वावगं वाटत असेल तर त्यानं खुशाल येऊन गवत कापावं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी इंग्रजांच्या राजाशी लढलेले अकरा जण आमच्याकडे निजलेत. डोकी पश्चिमेला, पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी उठून बसले की सूर्य समोर दिसावा म्हणून. तीस मेला, थडगी सजवायच्या दिवशी, प्रत्येकाला एक झेंडा. त्यात पहिला मान कॅप्टन एझ्रा हबल यांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा. त्यांच्या दगडासमोर मिरवणूक थांबते, बंदुका झडतात, पोरं फुलं वाहतात.

बारावा एक आहे, जाबेझ क्रँडल. कॅप्टनच्या लगत पश्चिमेच्या ओळीत. तोही लढायला गेला होता. पेरणीच्या दिवसांत आई अंथरुणाला खिळली म्हणून घरी आला, पेरणी उरकली आणि परत गेलाच नाही. पळपुटा म्हणून नाव लागलं ते लागलंच. दीडशे वर्षं होऊन गेली, पण गाव असल्या गोष्टी बरं विसरेल!

त्याची नात अल्मीडा अजून आहे. एक्क्याण्णव वर्षांची. सगळं गाव तिला मावशी म्हणतं. कॅप्टनसाठी फुलं दरवर्षी तिच्याच अंगणातली जातात, कारण तीस मेपर्यंत पिओनी फक्त तिच्याकडे फुलते, मुठीएवढी, गुलाबी. फुलं ती देते, आणि मिरवणूक निघाली की पडदे ओढून घरात बसते.

यंदा आदल्या दिवशी सकाळी मी टोपली घेऊन गेलो.

"ने बाबा, ने," ती खुर्चीतूनच म्हणाली. "तुझ्या पणजोबांचा थाट चालू दे."

"मावशी, दरवर्षी टोमणा मारलाच पाहिजे का?"

"फुलं फुकट नेतोस, टोमणाही फुकट ने." मग तिनं टोपली जवळ ओढली. "लायमन, मला पुढचा मे दिसायचा नाही. आजोबांना एक झेंडा लाव रे. एकदाच. माझे वडील मान खाली घालून जगले आणि तसेच गेले. मी तरी आजोबांच्या शेजारी जाताना काय तोंड घेऊन जाऊ?"

"यादीत त्यांचं नाव नाही, मावशी."

"यादी कोणी केली?"

"माझ्या वडिलांनी."

"मग झालंच की!"

तिचं बरोबर होतं, म्हणून मला राग आला. "पळून आलेल्याला झेंडा नसतो," असं मी बोलून गेलो. एवढ्या म्हाताऱ्या बाईला! जीभ झडली असती तर बरं झालं असतं. टोपलीतली एक वाकडी कळी तिनं सरळ केली आणि टोपली माझ्याकडे सरकवली.

दुपारी मी कॅप्टनच्या दगडापाशी बसलो. झेंडा खोचायचा लोखंडी तारा, दांडीवर चांदणी असलेला, माझ्या वडिलांनी पन्नास वर्षांपूर्वी रोवलेला, मुळापासून गंजून मोडला होता. नवा रोवायचा होता. पण मन लागेना. दगडाला पाठ टेकली आणि डोळे कधी मिटले कळलं नाही.

ओळीच्या ओळी उठून बसल्या होत्या. कोणी टोपी शोधत होता, कोणी दाढीतली माती झटकत होता. कसली घाई नव्हती. मागच्या ओळीतला एक उंच माणूस अनवाणी होता, पोटऱ्यांपर्यंत शेतातला चिखल. त्यानं पाय लांब केले ते थेट माझ्या फावड्यापर्यंत आले. "जरा जपून," तो म्हणाला, "पाय आहे माझा."

दचकून जागा झालो आणि तिथेच खणायला घेतलं. वीतभर खाली फावडं खणकन वाजलं. पूर्वी थडग्याच्या पायथ्याशीही एक छोटा दगड बसवायचे, तसा तो होता, जमिनीत खचलेला. मी बोटांनी माती काढली. दोन अक्षरं निघाली: जे. सी.

कॅप्टनच्या दगडावरची अक्षरं पश्चिमेच्या बाजूला आहेत. वाचणाऱ्याचा पाय मेलेल्यावर पडू नये म्हणून तशी कोरलेली. कॅप्टन स्वतः दगडाच्या पलीकडे, पूर्वेला निजलेत. माझ्या वडिलांनी अक्षरं वाचली आणि अक्षरांपुढेच तारा ठोकला. नेमका जाबेझच्या पायाशी. पन्नास वर्षं झेंडा त्याला, बंदुका त्याला, फुलंही त्यालाच!

मी हात न धुता मावशीकडे धावलो. सगळं सांगितलं. तिनं माझ्या मातीच्या हातांकडे बघितलं.

"कोणाची फुलं रे ती?" तिनं विचारलं.

"तुझीच, मावशी."

ती आधी हसली, अगदी पोरीसारखी. मग शाल तोंडाशी धरली. "आणि मी मेली पडदे ओढून बसले होते," ती म्हणाली. "पन्नास वर्षं!"

तीस मेला नवा तारा मी जुन्याच जागी रोवला आणि मावशीला खुर्चीसकट गाडीत घालून नेलं. मिरवणूक कॅप्टनच्या दगडासमोर थांबली, बंदुका झडल्या. मी मावशीला हाताला धरून उठवलं. ती वाकली आणि त्या छोट्या दगडावर फुलं ठेवली.

"चला," आमचे गावप्रमुख हार्लन ब्रुस्टर मागून म्हणाले, "क्रँडलांच्या म्हातारीनं अखेर कॅप्टनना मान दिला म्हणायचा."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. पण मी मिरवणुकीकडे वळलो.

"इथे कॅप्टन नाहीत," मी मोठ्यानं म्हणालो. "माझ्या वडिलांची चूक झाली. हे पाय जाबेझ क्रँडलचे आहेत. पन्नास वर्षं आपण त्यालाच सलामी दिली, आणि दिलेली सलामी परत घेता येत नाही. हा तारा हलणार नाही. कॅप्टनसाठी दगडाच्या पलीकडे या आणि बंदुका पुन्हा भरा."

मग ब्रुस्टरनी हॅट काढली, मावशीकडे बघून मान लववली आणि सगळ्यांना घेऊन ते पलीकडे गेले.

आम्ही दोघंच अलीकडे राहिलो. मावशी अजून वाकलेलीच होती, हात त्या दगडावर.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "दचकू नका हं. आता दुसऱ्यांसाठी वाजवतायत."