पंपापुढची रांग

"माऊली, ट्रॅक्टर मागं घे! शेठला उतरल्या उतरल्या फटफट्या दिसल्या पायजेत," संपत ओरडला.

"कसा घिऊ? डिझेल संपून हवा धरलीया त्यानं. तूच म्हनलास, शेठ येईस्तवर कोनी भरू नका."

ठरलं होतं खरं तसंच. शिवऱ्यातल्या पेट्रोलपंपाचे मालक आज येणार होते, आणि पंप जोरात चाललाय असं त्यांना दाखवायचं होतं. पंप टिकला तर सोजराबाईचा चहा टिकणार, धनाजीचं पंक्चरचं दुकान, दोन खानावळी आणि पंपावर केस पिकवलेला संपत. रानं विकून लोकांनी हायवेला गाळे घेतले होते. पाऊस हुलकावणी देतो, डिझेल कधी देत नाही, हे सगळ्यांनाच पटलं होतं.

मग उड्डाणपूल झाला. तोही गावानेच मागितलेला. रस्ता ओलांडताना माणसं मरत होती. त्यात संपतचा धाकटा भाऊ गेला, आणि रास्ता रोकोला संपत सगळ्यांत पुढे बसला. पूल झाल्यापासून शिवऱ्यात गाडीखाली कोणी मेलं नाही. गाड्या डोक्यावरूनच जात होत्या.

शेठ आले. रांग पाहून त्यांचे डोळेच भरले.

"संपतराव, मी म्हटलं गुपचूप बंद करावा पंप. आणि इथं अख्खं गाव निरोप द्यायला उभं!" त्यांनी रांगेला हात जोडले. "काय हे प्रेम!"

दारात आलेल्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? शेवटी सोजराबाईने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. गाडीतून शाल-श्रीफळ निघालं. संपतचा सत्कार होईतो शेठच्या माणसांनी मशीनला सील ठोकलं.

"शेठ, एवढ्या रांगेला तरी घालू द्या की वाईच."

"सील लागलं रे. आता माझ्याही हातात नाही." शेठ गाडीत बसता बसता घुटमळले. "आणि तो शर्ट... कंपनीचा असतो. जमा करावा लागतो."

संपतने तिथंच शर्ट उतरवला. खिशातली तंबाखूची पुडी काढून घेतली, घडी घातली, दोन्ही हातांनी दिला. शेठची गाडी पुलाकडे वळेपर्यंत तो बनियनवर उभा होता. मग त्याने शाल पांघरली.

"बघताय काय?" तो रांगेला म्हणाला. "चला, ढकला."

आणि रांगेतल्या दुधाच्या टेम्पोला त्याने मागून खांदा दिला.